जर्मनीतली बिअर आणि आपल्याकडचा आडोसा

जर्मनीत काही वर्षे नोकरी करून मी नागपूरला परत आले, तेव्हापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. शेजारच्या काकांपासून ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना जाणून घ्यायचे असते की तिकडे पाण्यापेक्षा बिअर स्वस्त असते, हे खरे का? बऱ्याच अंशी ते खरे आहे. सुपरमार्केटात अर्ध्या लिटरची बाटली एका युरोच्या आसपास मिळते, आणि उपाहारगृहात नळाचे पाणी आपणहून आणून ठेवण्याची रीत नसल्यामुळे बाटलीबंद पाण्याचे पैसे कधीकधी बिअरच्या बरोबरीने मोजावे लागतात. परंतु याच देशाच्या उपाहारगृहविषयक कायद्यात एक कलम आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे कधी होत नाही. जिथे मद्य विकले जाते तिथे निदान एक तरी मद्यविरहित पेय सर्वांत स्वस्त मद्यापेक्षा महाग असता कामा नये, असे ते कलम सांगते, आणि ही तुलना लिटरमागच्या दरानेही करून पाहायची असते. लोक त्याला सफरचंदाच्या रसाचे कलम म्हणतात. खिशात थोडे पैसे असलेल्या माणसाने, विशेषतः तरुणाने, केवळ स्वस्त पडते म्हणून बिअर मागवू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

मला या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्याशा वाटतात, कारण जर्मनीतल्या पिण्याबद्दल आपल्याकडे जे चित्र आहे त्यात स्वस्ताई असते, मोठाले ग्लास असतात, ऑक्टोबरफेस्ट हा म्युनिकचा बिअरचा उत्सव असतो; मोजमाप मात्र नसते. तिथे राहताना माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो याच गोष्टीचा. जर्मन माणूस आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त बिअर पितो, यात वाद नाही. पण तो ती चार लोकांसमोर, उजेडात, जेवणाबरोबर आणि मोजून पितो. नागपुरात प्यायली जाते ती आडोशाला, आणि जे आडोशाला होते त्याचा हिशेब ना घरच्यांना लागतो, ना पिणाऱ्याला.

कोलोनमध्ये माझे बरेच वास्तव्य झाले, म्हणून तिथल्या बिअरपासून सुरुवात करते. या शहराची बिअर म्हणजे क्योल्श: फिकट सोनेरी, हलकी, साधारण ४.८ टक्के मद्यार्काची. १९८६ च्या करारानुसार हे नाव केवळ कोलोन आणि तिच्या लगतच्या परिसरातल्या मद्यनिर्मात्यांनाच वापरता येते आणि पुढे युरोपीय संघानेही त्याला भौगोलिक संरक्षण दिले, जसे आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. क्योल्श दोनशे मिलिलिटरच्या सरळ, अरुंद ग्लासात येते. ग्लास लहान ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे: ही बिअर लवकर उतरते, म्हणजे तिचा फेस आणि तजेला टिकत नाही, त्यामुळे थोडी थोडी आणि ताजी प्यावी लागते. वाढप्याला तिथे क्योबेस म्हणतात. निळा अंगरखा, कमरेला पट्टा, हातात मधोमध दांडी असलेले गोल तबक आणि तबकाच्या खाचांत बसवलेले ग्लास, अशा थाटात तो टेबलांमधून फिरत असतो. तुमचा ग्लास रिकामा दिसला की तो न विचारता नवा ठेवतो आणि ग्लासाखालच्या जाड पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. तुम्हाला थांबायचे असेल तर ती चकती उचलून ग्लासावर झाकायची, एवढी खूण पुरते. क्योबेस मंडळी तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि पाणी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावण्याची त्यांची जुनी परंपराही आहे, पण चकती झाकल्यावर मात्र तो एका शब्दाने आग्रह करत नाही.

त्या पुठ्ठ्यावरच्या रेघा मला फार महत्त्वाच्या वाटतात. संध्याकाळभरात आपण किती घेतली हे टेबलावर, सर्वांच्या नजरेसमोर, लिहिलेले असते. बायकोला दिसते, मित्रांना दिसते, वरिष्ठांना दिसते आणि स्वतःलाही दिसते. निघताना क्योबेस रेघा मोजतो, एकत्र की वेगवेगळे असे विचारतो, आणि बहुतेक वेळा प्रत्येक जण आपापल्या रेघांचे पैसे देतो. इंग्लंडमधल्या पबमध्ये प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी फेरी विकत घेण्याची रीत आहे, त्यामुळे पाच जणांच्या टोळक्यात पाच फेऱ्या होईपर्यंत कोणाला उठणे जड जाते. जर्मनीत तशी सक्ती फारशी जाणवत नाही. ज्याला दोन घ्यायच्या तो दोन घेऊन घरी जातो आणि बाकीचे बसून राहतात.

मोजमापाचा दुसरा पुरावा ग्लासावरच असतो. जर्मनीत सार्वजनिक ठिकाणी बिअर ज्या ग्लासात दिली जाते त्यावर मापाची रेघ आणि आकडा कोरलेला असावाच लागतो. फेस त्या रेघेच्या वर हवा, पेय रेघेपर्यंत. म्युनिकमध्ये तर कमी माप भरून देणाऱ्यांच्या विरोधात लढणारी नागरिकांची नोंदणीकृत संस्था आहे, आणि ती हे काम पूर्ण गांभीर्याने करते. म्युनिक ज्या प्रांतात येते त्या बव्हेरियाचा १५१६ चा जो प्रसिद्ध शुद्धतेचा नियम आहे, ज्याचा उल्लेख आजही कित्येक बाटल्यांवर अभिमानाने छापलेला असतो, तोही मुळात मोजमापाचाच कागद आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी ड्यूक विल्हेल्म चौथा याने इंगोलश्टाट इथे तो जारी केला. बिअरमध्ये जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये ही त्यातली ओळ सर्वांच्या तोंडी असते, पण त्याच फर्मानाचा मोठा भाग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बिअर कमाल किती किमतीला विकावी हे ठरवून देण्यात खर्च झालेला आहे. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण किण्वन नेमके कशामुळे होते हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते. गहू आणि राय पावासाठी राखून ठेवावेत, हेही जवाचा आग्रह धरण्यामागचे एक कारण असल्याचे इतिहासकार सांगतात. धान्य माणसाच्या ताटात आधी जावे आणि पेल्यात नंतर, हा विचार विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

अर्थात जर्मनी म्हणजे एकच बिअर असे मुळीच नाही. देशात सुमारे दीड हजार मद्यनिर्मात्या कंपन्या आहेत आणि त्यांतल्या सुमारे सहाशे एकट्या बव्हेरियात आहेत. कोलोनपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या ड्युसेलडॉर्फमध्ये तांबूस रंगाची आल्ट चालते आणि या दोन शहरांत आपापल्या बिअरवरून पिढ्यान्‌पिढ्या चढाओढ आहे. बाम्बर्गमध्ये बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर धुरावलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, बिअर मिळते, जिचा पहिला घोट घेताना चुलीजवळ बसल्यासारखे वाटते. आणि लाइपझिगच्या गोझेमध्ये चक्क मीठ आणि धने घातलेले असतात, म्हणजे ती शुद्धतेच्या नियमाला सरळसरळ अपवाद आहे. माझ्या नागपुरी जिभेला सर्वांत जवळची वाटली ती हीच.

आता म्युनिकविषयी. तिथल्या बिअरगार्टनचा, म्हणजे झाडांखाली बसून बिअर पिण्याच्या बागांचा, इतिहास मला विशेष आवडतो. सोळाव्या शतकापासून बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवण्यास मनाई होती, कारण भट्ट्यांमुळे आगी लागत आणि उष्णतेत बिअर नासत असे. म्हणून हिवाळ्यात बनवलेली बिअर उन्हाळाभर टिकावी यासाठी इझार नदीच्या काठाजवळ खोल तळघरे खणली गेली, त्यांत बर्फ भरला गेला आणि वर सावली धरावी म्हणून चेस्टनटची झाडे लावली गेली, कारण या झाडांची पाने रुंद असतात आणि मुळे खोल जात नाहीत. लोक त्या सावलीतच बसून प्यायला लागले. शहरातल्या खाणावळवाल्यांचे गिऱ्हाईक तुटू लागले, त्यांनी तक्रार केली, आणि १८१२ मध्ये राजा माक्सिमिलियन पहिला योझेफ याने तोड काढली: मद्यनिर्मात्यांनी तळघरांवर बिअर विकावी, परंतु पावापलीकडे खायला विकू नये. तेव्हापासून लोक आपला डबा घरून घेऊन येऊ लागले. आज तिथे जेवणही विकत मिळते, पण टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर स्वतःचे खाणे उघडून बसण्याचा हक्क दोनशे वर्षांनंतरही शाबूत आहे.

माझे आई-बाबा मला भेटायला आले होते तेव्हा मी त्यांना म्युनिकच्या हिर्शगार्टनमध्ये नेले. तिथे सुमारे आठ हजार लोकांची बसायची सोय आहे आणि शेजारी कुंपणात हरणे आहेत. घरचे खाणे चालते असे सांगितल्यावर आईने सकाळीच थालीपिठे लावली आणि नागपूरहून आणलेली जवसाची चटणी डब्यात भरली. चेस्टनटच्या झाडाखालच्या लाकडी बाकावर आम्ही डबा उघडला. बाबांनी बिअर आणि लिंबाचे गोड पेय निम्मे-निम्मे असलेला राडलर घेतला, आईने सोडा मिसळलेला सफरचंदाचा रस. बाबा बँकेतून निवृत्त झालेले आहेत. नोकरीच्या काळात मित्रांबरोबर क्वचित घेत असत, हे आम्हाला सर्वांना माहीत होते आणि त्यावर घरात कधी एक शब्दही बोलला गेला नव्हता. आईच्या शेजारी बसून, तिच्या डब्यातले खात, त्यांनी ग्लास हाती धरल्याचे मी प्रथमच पाहत होते. शेजारच्या टेबलावर एक जर्मन गृहस्थ दोन लहान मुलींसह बसले होते, एक मुलगी चित्र रंगवत होती, दुसरी हरणांकडे पळत जाऊन परत येत होती. आई बराच वेळ तिकडे बघत होती. मला वाटले ती मुलींचे कौतुक करते आहे. मग ती हळूच म्हणाली, “त्यांनी एकच घेतली ना गं? मघापासून तोच ग्लास आहे.”

ती मोजत होती. आपल्याकडच्या बायकांना ही सवय फार लवकर लागते आणि शेवटपर्यंत सुटत नाही. लग्नात, मुंजीत, शेतावरच्या पार्टीत, कोण किती वेळा उठून बाहेर गेला, परतताना चाल कशी होती, आवाज किती चढला, यावरून अंदाज बांधायचा आणि त्यावरून घरी कधी निघायचे, मुलांना कोणाच्या गाडीत बसवायचे ते ठरवायचे. कोलोनमध्ये जे काम पेन्सिलीच्या रेघा करतात ते इथे घरची बाई डोळ्यांनी करते, आणि तिच्यापासून सगळे दडवलेले असल्यामुळे तिचा हिशेब नेहमी अपुरा राहतो.

हिवाळ्यातल्या एखाद्या रोडगे पार्टीचे किंवा हुरडा पार्टीचे चित्र आठवून पाहा. काटोल रोडला किंवा उमरेडकडे कोणाच्यातरी शेतावर चार-पाच कुटुंबे जमतात. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात असतात, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत असते, बायका संत्री सोलत सतरंजीवर बसलेल्या असतात, मुले बांधावर हुंदडत असतात. थंडी गोड असते, ऊन कोवळे असते. घराबाहेर, झाडाखाली, सहकुटुंब बसून खाण्याची ही आपली पद्धत म्युनिकच्या बागेपेक्षा कशातही उणी नाही. आणि मग पुरुषांतले चौघे “जरा विहीर पाहून येतो” म्हणून उठतात. विहिरीपलीकडे एक गाडी मुद्दाम तोंड फिरवून लावलेली असते, तिची डिक्की उघडलेली असते, आत प्लॅस्टिकचे ग्लास, शेंगदाणे, शेव आणि कागदात गुंडाळलेल्या बाटल्या असतात. जेवायला हाक येईल त्याच्या आत संपवायचे असते, म्हणून घोट मोठे घेतले जातात. पोट रिकामे असते. परत येताना बडीशेप नाहीतर पान तोंडात असते. सगळ्यांना सगळे कळलेले असते आणि कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी त्याच चौघांपैकी कोणीतरी गाडी चालवत मुलाबाळांना घेऊन नागपूरला परततो.

माझा आक्षेप आहे तो इथे. गंमत म्हणजे कायदा आपल्याकडेच कडक आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की तो गुन्हा. जर्मनीत सर्वसाधारण चालकासाठी ही मर्यादा त्याहून सैल, साधारण पन्नास मिलिग्रॅमच्या बरोबरीची आहे. तरीही तिथल्या प्रत्येक टोळक्यात आज गाडी कोण चालवणार हे बसण्यापूर्वी उघडपणे ठरते, तो माणूस मद्यविरहित बिअर मागवतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे हे ठरवायचे तर आधी पिणार आहोत हे कबूल करावे लागेल. ते कबूल करता येत नसल्यामुळे पुढचे सगळेच अडते.

महाराष्ट्राचा कायदाही या लपंडावाला हातभार लावतो. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ पूर्ण असावे लागते. जर्मनीत बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी घेता येते, कडक मद्य अठराव्या वर्षी, आणि आईवडील सोबत असतील तर चौदाव्या वर्षीही बिअर देता येते. शेवटची सूट मला स्वतःला पटत नाही, आणि आता तिथेही ती रद्द करावी अशी मागणी जोर धरते आहे. २०२४ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनीच तिला विरोध केला होता. पण जर्मन नियम पाळला जातो, दुकानात ओळखपत्र मागितले जाते. आपल्या बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात परवाना असतो, हे बारमालकही जाणतो आणि गिऱ्हाईकही जाणते.

नागपुरातल्या परमिट रूममध्ये मी स्त्री म्हणून सहज जाऊन बसू शकत नाही. रस्त्यावरून दिसते ते एवढेच: काळी काच, अर्धवट ओढलेला पडदा, आत निळसर अंधार, दाराशी उभ्या दुचाक्यांची रांग. काही ठिकाणी वरच्या मजल्यावर वातानुकूलित फॅमिली सेक्शन असतो आणि तिथे जेवण चांगले मिळते, सावजी रश्शाची चवही असते, पण तिथे बसणाऱ्या बाईच्या ग्लासाकडे वाढप्यापासून शेजारच्या टेबलापर्यंत सगळे वळून बघतात. अलीकडे धरमपेठेत, सदरमध्ये, वर्धा रोडवर जरा मोकळी ठिकाणे निघाली आहेत आणि तरुण मुलेमुली तिथे एकत्र बसतात, हे चांगलेच आहे. मात्र तिथले दर आणि तिथला कर्कश आवाज पाहता आई-बाबांना घेऊन तिथे कोणी जाणार नाही. जर्मनीत मी अधूनमधून एखादा ग्लास घेत असे. नागपुरात घेत नाही, कारण जशी मला घ्यावीशी वाटते तशी घ्यायला इथे जागाच नाही.

आणि जी घेतली जाते तीही निराळी असते. आपल्या बाजारात स्ट्राँग बिअरचा वाटा फार मोठा आहे. साडेसहाशे मिलिलिटरची बाटली आणि साडेसात टक्के मद्यार्क धरला तर एका बाटलीत जवळपास ४९ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क भरतो. क्योल्शच्या एका ग्लासात तो साडेनऊच्या आसपास असतो. म्हणजे मेडिकल चौकाजवळच्या एखाद्या बारमध्ये जी एक बाटली अर्ध्या तासात संपते, ती कोलोनच्या हिशेबाने पाच ग्लास होते, आणि ते पाच ग्लास रिचवायला तिथल्या माणसाला जेवणासकट दोन-अडीच तास लागतात. बाटली मागवणाऱ्याला “एकच तर घेतली” असे वाटते, आणि आकड्याने ते खरेही असते. आपल्याकडे विचारताना प्रश्नच असा असतो की कडक आहे का, चढते का. चव कशी आहे हे विचारणारा विरळा.

उन्हाळ्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. नवतपाच्या दिवसांत नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि बिअरशॉपीसमोर गर्दी वाढते, कारण बिअर थंडावा देते असा समज आहे. बिअर थंड असते, परंतु मद्यार्कामुळे लघवीचे प्रमाण वाढून शरीरातले पाणी उलट कमी होते, आणि भर उन्हात काम करणाऱ्या माणसाला ते धोक्याचे ठरू शकते. म्युनिकची बाग पंचवीस अंशांत भरते. ज्यांना नागपुरात तशी बाग करावीशी वाटते त्यांनी ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी, आणि मे महिन्यात कैरीचे पन्हे विकावे.

जर्मनीचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १८१० मध्ये युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेझ यांच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून ज्याची सुरुवात झाली, त्या ऑक्टोबरफेस्टला २०२३ मध्ये सुमारे ७२ लाख लोक आले होते. म्युनिक शहराच्या हद्दीतल्या सहा मद्यनिर्मात्यांनाच तिथे बिअर विकता येते, पेला एक लिटरचा असतो, आणि त्यासाठी बनवलेली बिअर सहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एका पेल्यात आपल्या स्ट्राँग बाटलीपेक्षाही अधिक मद्यार्क. तिथे दुपारनंतर गवतावर बेशुद्ध पडलेली माणसे मी पाहिली आहेत. मुली आणि स्त्रियांना संकटात मदत मिळावी म्हणून त्या मैदानावर २००३ पासून खास मदतकेंद्र चालवावे लागते, यातच सारे आले. व्यसनाधीनता हा जर्मनीतला मोठा आरोग्यप्रश्न आहे, आणि उघडेपणामुळे तो सुटलेला नाही. रोज संध्याकाळी घरी दोन बाटल्या घेणारा माणूस तिथे इतका सामान्य समजला जातो की त्याला व्यसन आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोणतेही मद्य, कितीही सुसंस्कृतपणे घेतले तरी, कर्करोगाचा धोका वाढवते हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. हे जर्मनांनाही आता पटू लागले असावे: १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत दरडोई वर्षाला १४० लिटरहून अधिक बिअर प्यायली जात होती, तो आकडा आता नव्वदीच्या खाली आला आहे, आणि मद्यविरहित बिअरची फळी दुकानात दरवर्षी लांबत चालली आहे. बंदी न घालता हे घडले, याची मला नोंद घ्यावीशी वाटते.

विदर्भात बसून हे लिहिताना बंदीचा विषय टाळता येत नाही. आमच्या दक्षिणेला वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या पुण्याईने १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत मोठ्या लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये ती आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. वर्ध्याच्या बंदीचा एक परिणाम नागपूरकरांना रोज दिसतो, जिल्ह्याच्या सीमेअलीकडच्या दुकानांवर वर्ध्याकडच्या गाड्यांची गर्दी असते. परंतु एवढ्यावरून बंदी फसली असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही. गडचिरोलीच्या ज्या बायका रस्त्यावर उतरल्या त्यांच्यासमोर कोलोनचा दोनशे मिलिलिटरचा ग्लास नव्हता. मजुरीचे पैसे घरी पोचण्यापूर्वी संपवणारी आणि रात्री मार घालणारी दारू त्यांच्यासमोर होती. महाराष्ट्रात आडव्या बाटलीचे मतदान होते, त्यात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचे दुकान बंद होते. आयुष्यभर मनातल्या मनात मोजणाऱ्या बाईला आपला हिशेब सरकारदरबारी मांडण्याची ही एकमेव जागा मिळाली आहे, आणि ती तिच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये.

म्हणून जर्मन पद्धत जशीच्या तशी इथे आणावी असे मी म्हणणार नाही. मला हवे आहे ते थोडके आहे. बारमध्ये येणाऱ्या ग्लासावर मापाची रेघ असावी आणि बाटलीवर मद्यार्काचा आकडा वाचता येईल एवढा मोठा छापावा. लहान बाटलीतली हलकी बिअर स्ट्राँगपेक्षा ठळकपणे स्वस्त असावी. सफरचंदाच्या रसाचे कलम आपल्याकडे लिंबूसरबताच्या नावाने यावे. आणि काळ्या काचा काढून टाकाव्यात. आत बसलेल्या माणसाला रस्ता दिसला आणि रस्त्यावरच्याला तो दिसला, तर त्याचा तिसरा पेग बहुधा मागवला जाणार नाही.

दरवर्षी नागपुरातून शिकायला जर्मनीला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे आणि त्यांचे पालक मला याबद्दल काळजीने विचारतात, म्हणून काही गोष्टी त्यांच्यासाठी लिहून ठेवते. तिथे नवा वाहनपरवाना काढलात तर पहिली दोन वर्षे, आणि वय एकवीसच्या आत असेल तोपर्यंत, गाडी चालवताना मद्याचा थेंबही चालत नाही. सायकललाही मर्यादा आहे, आणि तोल जाऊन अपघात केला तर ती मर्यादा गाठलेली नसतानाही शिक्षा होऊ शकते. रिकाम्या बाटलीवर आठ किंवा पंधरा सेंट, पत्र्याच्या कॅनवर पंचवीस सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. रस्त्यावर असाल तर बाटली कचऱ्यात न टाकता डब्याशेजारी उभी ठेवावी, ती गोळा करून गुजराण करणारी माणसे ती घेऊन जातात. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे असते, आणि सर्वांचे ग्लास येईपर्यंत कोणी तोंडाला लावत नाही. ज्यांना प्यायचेच नाही त्यांनी पहिल्याच दिवशी नको म्हणावे आणि कारण देत बसू नये. नागपुरात “घे ना बे, एकानं काय होते” असे म्हणणारा मित्र प्रत्येक टेबलावर असतो. माझ्या तिथल्या सहकाऱ्यांत तसा मला कोणी भेटला नाही. रस मागवलात तर रस येतो, आणि त्या टेबलावरची जागा तुमचीच राहते.